म्हाडाचा अर्ज भरताय? आधी घराची कुळकथा वाचा, मग अनामत भरा

म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, घरांच्या सोडतीची जाहिरात आली की दोन प्रश्न सगळीकडे ऐकू येतात. घरं किती आहेत आणि कुठे आहेत? तिसरा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही: ही घरं म्हाडाकडे आली कुठून? त्याचं उत्तर माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. घराची किंमत, ताब्याला लागणारा वेळ, करारनाम्यावर समोरून सही कुणाची, पुढे दर महिन्याचा देखभाल खर्च किती, यातलं बरंचसं त्या उत्तरावर ठरतं. नाव लागणं आपल्या हातात नाही. कुठल्या घरासाठी नाव घालायचं हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि बहुतेक अर्जदार नेमका तोच निर्णय शेवटच्या रात्री घाईघाईत उरकतात.

थोडी पार्श्वभूमी. म्हाडा १९७६च्या कायद्यानुसार डिसेंबर १९७७ मध्ये स्थापन झाली. तिच्याखाली नऊ मंडळं आहेत. मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगर ही सात मंडळं घरं बांधतात आणि विकतात. उरलेली दोन मुंबईपुरती: एक जुन्या इमारतींच्या दुरुस्ती-पुनर्रचनेचं, दुसरं झोपडपट्टी सुधारणेचं. म्हाडाच्या आधीच्या गृहनिर्माण मंडळाच्या काळात चित्र सोपं होतं. सरकारी जमीन, त्यावर सरकारी बांधकाम, त्यातून कन्नमवार नगर, पंतनगर, मोतीलाल नगरसारख्या वसाहती. आता मुंबईत मोकळी जमीन जवळपास संपली आहे, त्यामुळे घरं वेगवेगळ्या नियमांच्या आडवाटांनी म्हाडाकडे येतात. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे. त्यातली कुठली आपल्या खिशाला परवडतील, हे त्या वाटाच ठरवणार.

पायरी १: घर कुठल्या वाटेने आलं ते ओळखा

माहितीपुस्तिकेत प्रत्येक योजनेला एक संकेत क्रमांक असतो. त्याच्यासमोर योजनेचं नाव, उत्पन्न गट, चटई क्षेत्र (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ), किंमत आणि कंसात काहीतरी बारीक अक्षरात. ते बारीक अक्षर आधी वाचा.

पहिली वाट म्हणजे म्हाडाने स्वतःच्या जमिनीवर स्वतः बांधलेली घरं. २०२३च्या मुंबई सोडतीत पहाडी गोरेगावची अत्यल्प गटातली घरं अशी होती. क्षेत्रफळ जेमतेम ३० चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आत, आणि किंमत साधारण तीस लाख. जमिनीचा भाव बाजारासारखा लावलेला नसतो, म्हणून आसपासच्या खासगी घरांच्या तुलनेत हे स्वस्त पडतं. व्यवहार थेट म्हाडाशी होतो. अर्जांची गर्दी अर्थातच इथे सर्वात मोठी.

दुसरी वाट पुनर्विकासाची. जुन्या म्हाडा वसाहतीचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(५) खाली होतो, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींचा ३३(७) खाली, आणि गिरण्यांच्या जमिनींना १९९१च्या जुन्या नियमावलीतला नियम ५८ लागू होता. विकासकाला जादा बांधकामाची मुभा (चटई क्षेत्र निर्देशांक) मिळते आणि त्यातला ठरलेला हिस्सा तो तयार घरांच्या रूपाने म्हाडाला देतो. ही घरं बहुधा शहराच्या मोक्याच्या जागी, खासगी टॉवरमध्ये असतात. पत्ता पाहून डोळे दिपतात, पण किंमत रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकातल्या भावाच्या, जवळ जाते. २०२३ मध्ये ताडदेवची उच्च गटातली काही घरं सुमारे साडेसात कोटींना सोडतीत आली होती! सोडत काढून साडेसात कोटींचं घर विकायचं, यात परवडणाऱ्या घरांचं धोरण कुठे बसतं हे मला अजून समजलेलं नाही. २०२४च्या सोडतीत याच वाटेने आलेल्या ३७० घरांच्या किमतींवर इतकी टीका झाली की म्हाडाने जाहिरात निघाल्यानंतर त्या कमी केल्या: अत्यल्प गटात २५ टक्के, अल्प गटात २०, मध्यम गटात १५ आणि उच्च गटात १० टक्के. म्हणजे अशा घरासाठी अर्ज भरायचा तर जाहिरातीतल्या किमतीच्या पलीकडे जाऊन टॉवरचा मासिक देखभाल खर्च विचारायलाच हवा. तरणतलाव आणि चार लिफ्टचा हिस्सा अत्यल्प गटातल्या कुटुंबालाही भरावा लागू शकतो.

तिसरी वाट २० टक्के सर्वसमावेशक योजनेची. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिका हद्दीत, चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर खासगी गृहप्रकल्प उभा राहिला, तर विकासकाने २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प गटासाठी ठेवायची. ठाणे, कल्याण-डोंबिवली, पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक या पट्ट्यात तुम्हाला ही घरं भरपूर दिसतील. किंमत बांधकाम खर्चाशी बांधलेली असल्यामुळे शेजारच्या इमारतीतल्या घरापेक्षा ती बरीच कमी असते. कोकण मंडळाच्या अलीकडच्या सोडतींमध्ये सर्वाधिक अर्ज याच घरांवर पडतात. इथे म्हाडा फक्त लाभार्थी निवडून देते. बांधकाम, करारनामा, ताबा हे सगळं विकासकाशी. म्हणून अशा प्रकल्पाचा महारेरा (गृहप्रकल्पांवरचं राज्याचं नियामक प्राधिकरण) क्रमांक काढून त्याच्या नोंदीत ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे ते पाहा. तुमची वीस टक्क्यांतली घरं मुख्य इमारतीतच आहेत की मागच्या बाजूला वेगळी उभी केली आहेत, वाहनतळ मिळतो की नाही, हेही आधीच विचारा. काही विकासक हा नियम चुकवायला भूखंडाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा चार हजारांच्या आत दाखवतात, अशी तक्रार वारंवार होते. तो वेगळा विषय. पण ही घरं संख्येने कमी का येतात, याचं एक कारण तिथे आहे.

चौथी वाट प्रधानमंत्री आवास योजनेची. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असं अडीच लाखांचं अनुदान किमतीतून वजा होतं. त्या बदल्यात अट कडक: कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर भारतात कुठेही पक्कं घर नको. गावाकडचं वडिलोपार्जित घर सातबारावर किंवा आठ-अ उताऱ्यावर तुमच्या नावाने चढलेलं असेल तर आधी त्याचा निकाल लावा. म्हाडाच्या सर्वसाधारण योजनेत ही अट संबंधित शहराच्या किंवा मंडळाच्या हद्दीपुरती असते. दोन्हींतला फरक न कळल्यामुळे सोडत लागूनही अपात्र ठरणारी माणसं दर वेळी असतात.

पाचवी म्हणजे मागे उरलेली घरं. यांना वेगळी सोडत नसते. ती "प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य" या तत्त्वावर विकली जातात, आणि लोक त्यांच्याकडे नाक मुरडतात. विरार-बोळींजचं उदाहरण घ्या. कोकण मंडळाचा तिथे हजारो घरांचा प्रकल्प उभा राहिला, पण पाण्याची बोंब आणि आजूबाजूच्या बाजारभावाशी फारसा फरक नसलेली किंमत यामुळे घरं वर्षानुवर्षं पडून राहिली. पुढे सूर्या योजनेचं पाणी वसई-विरारला यायला लागल्यावर चित्र बदलू लागलं. नशिबाच्या रांगेत दहा वर्षं उभं राहण्यापेक्षा अशा घरांची यादी शांतपणे चाळणं ज्याला घाई आहे त्याच्यासाठी शहाणपणाचं. मात्र घर का उरलं याचं कारण जागेवर जाऊन शोधा. पाणी, रस्ता, स्टेशनचं अंतर हे काळाबरोबर सुटू शकतं. जमिनीचा वाद सुटेलच असं नाही.

झोपडपट्टी पुनर्वसनाचं घर, गिरणी कामगारांचं घर, संक्रमण शिबिरातल्या मूळ रहिवाशांची बृहतसूची (कायमच्या घराची वाट पाहणाऱ्यांची यादी) यांचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत. सर्वसाधारण सोडतीचा अर्ज तिथे चालत नाही.

पायरी २: आपला गट कोणता

मे २०२२च्या शासन निर्णयानुसार मुंबई महानगर, पुणे आणि नागपूर महानगर प्रदेश आणि दहा लाखांहून जास्त वस्तीची शहरं इथे वार्षिक कौटुंबिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, सहा ते नऊ लाख अल्प, नऊ ते बारा लाख मध्यम आणि त्यावर उच्च. उर्वरित महाराष्ट्रात अत्यल्प गटाची मर्यादा साडेचार लाख आणि अल्प गटाची साडेसात लाख आहे. नवी जाहिरात आली की या आकड्यांवर तिचाच शब्द शेवटचा.

उत्पन्न म्हणजे पती आणि पत्नी दोघांचं मिळून. बायको घरून शिकवण्या घेते आणि तिचं प्राप्तिकर विवरणपत्र भरलेलं आहे, तर ते धरावं लागतं. कमी दाखवण्याचा मोह टाळा. गट चुकला तर सोडत लागल्यावर घर जातं. आणि आणखी एक गोष्ट जी कुणी बोलून दाखवत नाही: गटाच्या खालच्या टोकाला असणाऱ्याला ते घर परवडेलच असं नाही. धोरणाने गट उत्पन्नावर ठरवला, किंमत वेगळ्या हिशोबाने ठरवली, आणि दोन्हींची गाठ घालायचं काम बँकेवर सोपवलं.

आरक्षणाचाही तक्ता पाहून घ्या. अनुसूचित जाती ११ टक्के, अनुसूचित जमाती ६, भटक्या जमाती दीड, विमुक्त जाती दीड, दिव्यांग ३, माजी सैनिक ५, राज्य शासनाचे कर्मचारी ५, पत्रकार अडीच, स्वातंत्र्यसैनिक अडीच, कलाकार २, याशिवाय आमदार-खासदार आणि म्हाडाचे कर्मचारी प्रत्येकी २. (आमदारांचा टक्का अत्यल्प गटातही असतो. सहा लाखांच्या आत उत्पन्न असलेला आमदार कुणाला भेटला तर जरूर कळवा.) तुम्ही राखीव प्रवर्गात खरोखर बसत असाल तर तो निवडा, कारण तिथे घरांच्या मानाने अर्ज बहुधा कमी असतात. पत्रकार किंवा कलाकार यांसारख्या प्रवर्गात मात्र सक्षम अधिकाऱ्याचं पत्र लागतं. ते हातात नसताना प्रवर्ग निवडणं म्हणजे स्वतःहून बाद होणं.

पायरी ३: कर्जाचा हिशोब आधी, स्वप्नं नंतर

तीस लाखांचं घर घेऊ. बँक साधारण ९० टक्के देईल असं धरलं तर कर्ज २७ लाख आणि स्वतःचे तीन लाख. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी हप्ता येतो साधारण साडेतेवीस हजार. अत्यल्प गटाच्या अगदी वरच्या टोकाला, म्हणजे वर्षाला सहा लाख कमावणाऱ्याला महिन्याला पन्नास हजार मिळतात. त्याचा जवळपास निम्मा पगार हप्त्यात गेला. बँका साधारणपणे उत्पन्नाच्या चाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंतच हप्ता मान्य करतात, तेव्हा हा माणूस कसाबसा बसतो.

आता महिन्याला तीस हजार कमावणारा घ्या. तोही अत्यल्प गटातच. त्याला बँक बारा ते पंधरा हजारांचा हप्ता मंजूर करेल, म्हणजे कर्ज चौदा ते सतरा लाख. उरलेले तेरा-सोळा लाख कुठून आणायचे? याचं उत्तर नसेल तर पहाडी गोरेगावपेक्षा कल्याण-शीळ किंवा पुण्याच्या बाहेरच्या पट्ट्यातली वीस टक्क्यांची घरं पाहणं बरं. सोडत लागून पैसे न उभे राहिल्याने घर परत करणाऱ्यांमध्ये याच टप्प्यावरची मंडळी जास्त. परत करताना भरलेल्या रकमेतून कपातही होऊ शकते.

म्हणून अर्जाच्या आधीच बँकेत जा. तीन कागद न्या: पगाराच्या पावत्या किंवा विवरणपत्रं, सहा महिन्यांचं खातेपुस्तक आणि चालू कर्जांची यादी. दुचाकीचा हप्ता आणि मोबाइलचा हप्तासुद्धा बँक मोजते. वय पन्नाशीकडे झुकलं असेल तर वीस वर्षांची मुदत मिळणार नाही, तेव्हा कमावत्या मुलाला किंवा मुलीला सहकर्जदार घेता येईल का, तेही तिथेच विचारा.

केंद्राच्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याज अनुदानाची सोय आहे. वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याजाचं अनुदान मिळतं, कमाल १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. वरच्या उदाहरणात कर्ज २७ लाख आहे, म्हणजे ते मर्यादेबाहेर गेलं. दोन लाख स्वतःचे जास्त घालता आले तर हाच माणूस पात्र होऊ शकतो. मात्र मागच्या वीस वर्षांत कुठल्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतला असेल, किंवा घराच्या किमतीतच आवास योजनेचं अनुदान आधी वजा झालं असेल, तर हे मिळत नाही.

किमतीशिवायचे खर्चही वहीत मांडा: मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क, ताब्याच्या वेळी एकरकमी मागितला जाणारा देखभाल खर्च, वीज मीटर. आवास योजनेतल्या अत्यल्प आणि अल्प गटाच्या घरांना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त एक हजार रुपये आहे. इतर घर एकट्या महिलेच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसत असेल तर एक टक्का, नाहीतर पाच. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेल्या तयार घरावर तो लागत नाही.

पायरी ४: कागदपत्रं, आणि ती जिथे अडतात ती जागा

२०२३ पासून म्हाडाची पद्धत बदलली. आधी सोडत निघायची आणि मग विजेत्यांची छाननी व्हायची. त्यात वर्षं जायची. आता एकदाच कायमची नोंदणी करायची, कागदपत्रं अर्जाआधीच चढवायची आणि पात्र ठरलेल्यांचीच सोडत निघते. माझ्या मते गेल्या काही वर्षांत म्हाडाने केलेला हा सर्वात कामाचा बदल. फक्त याचा अर्थ असा की जाहिरात यायची वाट पाहत बसलात तर उशीर झाला. नोंदणी आजच करता येते.

लागणारे कागद मोजके आहेत. स्वतःचं आणि जोडीदाराचं आधार व पॅन, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा पुरावा, आणि प्रवर्ग असेल तर जात प्रमाणपत्र वगैरे. यातलं अधिवास प्रमाणपत्र सर्वात जास्त अडवतं. २०१८ नंतर दिलेलं, बारकोड असलेलं प्रमाणपत्र लागतं. जुनं, हाताने लिहिलेलं चालत नाही. ते 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतं. त्यासाठी राज्यातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो: शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, वीज बिलं, जे असेल ते. शिक्षण एका जिल्ह्यात आणि नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात झालेल्यांना पुरावे जमवायलाच महिना लागतो, तेव्हा सुरुवात इथून करा.

दुसरी अडचण नावाची. आधारवर "सुनीता रमेश", पॅनवर माहेरचं आडनाव, बँकेच्या खात्यात फक्त आद्याक्षरं. संगणक माणसासारखा समजून घेत नाही. पडताळणीत तो तिन्ही नावं वेगळ्या व्यक्तींची धरतो. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद काढून सगळीकडे एकच नाव करून घ्या. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक तुमचा स्वतःचा आणि चालू आहे ना, तेही पाहा, कारण प्रत्येक टप्प्यावर ओटीपी तिथेच येतो. सायबर कॅफेवाल्याचा क्रमांक देऊन ठेवणारे पुढे देकारपत्राच्या (घर देऊ केल्याच्या पत्राच्या) वेळी त्याच्या दाराशी खेटे घालतात.

उत्पन्नाचा पुरावा म्हणून विवरणपत्राची पोच किंवा तहसीलदाराचा दाखला. जाहिरातीत कुठलं आर्थिक वर्ष सांगितलं आहे ते नीट वाचा. मागच्याच्या मागच्या वर्षाचा दाखला जोडलेले अर्ज सरळ बाद होतात.

पायरी ५: जागेवर जाऊन या

हे काम लोक सोडत लागल्यावर करतात. आधी करा. सकाळी कामावर जायच्या वेळी स्टेशनपासून इमारतीपर्यंत चालत किंवा शेअर रिक्षाने जा आणि घड्याळ लावा. जवळच्या इमारतीतल्या रहिवाशाला दोन प्रश्न विचारा: नळाला पाणी किती वेळ येतं, आणि महिन्याला देखभाल किती भरता? तिसरा प्रश्न रखवालदाराला: काम चालू आहे की थांबलंय? त्याला सगळं माहीत असतं.

बांधकामाची स्थिती माहितीपुस्तिकेतही असते. तयार घर आणि "प्रगतिपथावर" यांत जमीन-अस्मानाचा फरक. गोरेगावच्या पत्राचाळ प्रकल्पातल्या ३०६ घरांची सोडत २०१६ मध्ये निघाली, आणि प्रकल्पच वादात अडकल्यामुळे विजेते कित्येक वर्षं ताब्याची वाट पाहत राहिले. नाव लागल्याचे पेढे वाटून झाले, घर कागदावरच. भाडं भरत राहण्याची ताकद नसेल तर भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलंच घर निवडा, जरी ते चार स्टेशनं पुढे असलं तरी.

पायरी ६: अर्ज

वर सांगितलेलं सगळं झालं असेल तर अर्ज भरायला अर्धा तास पुरतो. एका संकेत क्रमांकात एका व्यक्तीचा एकच अर्ज. वेगवेगळ्या संकेत क्रमांकांत अर्ज करता येतात, पण प्रत्येकाची अनामत वेगळी. २०२३च्या मुंबई सोडतीत ही रक्कम अत्यल्प गटाला २५ हजार, अल्पला ५० हजार, मध्यमला एक लाख आणि उच्चला दीड लाख होती, शिवाय जीएसटीसह ५९० रुपये अर्ज शुल्क. नाव लागलं नाही तर अनामत परत येते, शुल्क येत नाही. अनामतीसाठी व्याजाने पैसे काढू नका. सोडतीची तारीख पुढे गेली, आणि ती जाते, तर व्याज तुमच्या अंगावर. परताव्यासाठी बँक खातं अर्जदाराच्याच नावाचं द्या.

कुठल्या संकेत क्रमांकावर अर्ज टाकायचा याचा अंदाज मागच्या सोडतीवरून बांधता येतो. एकूण आकडे बघून हरखू किंवा घाबरू नका. २०२४च्या मुंबई सोडतीत २,०३० घरांसाठी एक लाखाहून जास्त अर्ज आले, म्हणजे सरासरी पन्नासाहून अधिक अर्जदारांमागे एक घर. पण सरासरी फसवी असते. एखाद्या योजनेत घरामागे शेकडो अर्ज, तर दुसरीत मोजकेच. जिथे घरांची संख्या मोठी आणि पत्ता जरा कमी झगमगीत, तिथे संधी बरी.

अर्ज फक्त म्हाडाच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा अॅपवर भरा. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, ते अक्षर-अक्षर तपासा. २०२४ मध्ये हुबेहूब दिसणारं बनावट संकेतस्थळ काढून लोकांकडून पैसे उकळल्याचा प्रकार उघड झाला होता. म्हाडाने कुठलाही दलाल किंवा एजंट नेमलेला नाही. "आतून काम करून देतो, फाइल पुढे सरकवतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. सोडत संगणकीय आहे, त्यात सरकवायला फाइलच नसते.

पायरी ७: नाव लागलं तर

विजेत्याला एसएमएस येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. सोडतीच्या संध्याकाळी स्वतः लॉगिन करून पाहा. मग सूचनापत्र येतं आणि घर हवं की नको हे ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन कळवावं लागतं. मुदत हुकली की घर प्रतीक्षा यादीवरच्याकडे जातं. कारणं ऐकली जात नाहीत. स्वीकृतीनंतर तात्पुरतं देकारपत्र मिळतं आणि त्यात पैसे भरण्याचे टप्पे दिलेले असतात. कर्जासाठी लागणारं ना-हरकत प्रमाणपत्र म्हाडाकडूनच घ्यायचं. आधी बँकेत जाऊन आला असाल तर हा टप्पा दोन आठवड्यांत उरकतो, नसाल तर मुदतवाढीच्या अर्जापासून सुरुवात.

प्रतीक्षा यादीत नाव असलेल्यांनीही कागद ताजे ठेवावेत. अपात्र ठरणारे आणि घर परत करणारे दर सोडतीत असतात.

ताबा घेताना घाई करू नका. चावी घेण्याआधी घर दिवसाउजेडी पाहा. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून उतार कुठे जातो ते बघा, खिडक्या उघडबंद करा, भिंतींना ओल आहे का ते कोपऱ्यात हात लावून तपासा, चटई क्षेत्र टेपने मोजा. जे खटकेल ते ताबापत्रावर सही करण्याआधी लेखी द्या आणि पोच घ्या. वीस टक्के योजनेतलं घर असेल तर रेरा कायद्यानुसार ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधकामातले दोष विकासकाला विनामूल्य दुरुस्त करून द्यावे लागतात. ते कलम करारनाम्यात आहे का, ते पाहून ठेवा.

म्हाडाचं घर पाच वर्षं विकता येत नाही. नोटरीवर किंवा मुखत्यारपत्रावर "विकणारे" भेटतात, घेणारेही भेटतात. तो व्यवहार कायद्यापुढे टिकत नाही, आणि त्यात पैसे अडकलेला माणूस तक्रार करायलाही जाऊ शकत नाही. भाड्याने द्यायचं झालं तर आधी परवानगीचे नियम पाहा.

राहायला गेल्यावर पहिल्या वर्षातच सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवण्याच्या मागे लागा. तोवर इमारतीचा कारभार म्हाडाकडे किंवा विकासकाकडे राहतो, सेवाशुल्काचा हिशोब मागायला कुणी नसतं, आणि थकबाकी साचत जाते. म्हाडाच्या जमिनीवरच्या इमारतींत इमारतीचं अभिहस्तांतरण (मालकी नावावर करणं) संस्थेला होतं, तर जमीन बहुधा भाडेपट्ट्याने मिळते. पट्टा किती वर्षांचा, नूतनीकरणाची अट काय आणि भुईभाडं किती, हे तीन आकडे पहिल्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवा.